'प्रेमप्रकरण नसलेली फँटसी आहे का?' : ग्रंथपालांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल, कार्यवाह आणि ग्रंथनिवड समित्यांचे सभासद यांस,

स. न. वि. वि.

देवघेवीच्या टेबलापाशी एक प्रश्न वारंवार येतो. "जादू, ड्रॅगन, वेगळी दुनिया असलेलं काहीतरी द्या, पण त्यात प्रेमप्रकरण नको." विचारणारी कधी पाचवीतल्या मुलीची आई असते, मुलगी वयाच्या मानाने फार पुढचं वाचते म्हणून ती धास्तावलेली असते. कधी बारा वर्षांचा मुलगा स्वतःच विचारतो; त्याला लढाई हवी असते, मधली हुरहुर नको असते. कधी रात्री नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवणारे आजोबा असतात. आणि कधी पंचविशीतली वाचक असते, जिला प्रेमकथेत मुळात रसच नाही. चौघांची गरज वेगळी, प्रश्न एकच. उत्तर म्हणून बहुतेकदा हॅरी पॉटरचा पहिला भाग पुढे येतो. तो वाचून झालेला असेल तर मग इंग्रजी बालविभागाकडे बोट दाखवलं जातं.

आमची मागणी एवढीच आहे की 'यात प्रेमप्रकरण आहे' किंवा 'नाही' हा शेरा मालिकेला, लेखकाला किंवा मुखपृष्ठाला देऊ नका. तो एकेका पुस्तकाला द्या आणि चिठ्ठीवर लिहून त्याच पुस्तकात चिकटवा. चिठ्ठी कशी करायची, पुस्तक कसं तपासायचं आणि सुरुवात कोणत्या पुस्तकांपासून करायची, ते खाली लिहितो आहोत.

आधी शब्दाबद्दल. पालक 'स्वच्छ पुस्तक' म्हणतात. त्यांना काय म्हणायचं आहे ते कळतं, पण तो शब्द चिठ्ठीवर येऊ देऊ नका. एका पुस्तकाला स्वच्छ म्हटलं की शेजारचं आपोआप घाणेरडं ठरतं, आणि प्रेम ही काही घाण नव्हे. शिवाय हा शब्द फसवाही आहे. प्रेमकथा नाही म्हणजे पुस्तक सौम्य आहे, असं मुळीच नसतं. प्रौढांसाठीच्या काही युद्धप्रधान फँटसी कादंबऱ्यांत प्रेमाचा लवलेश नसतो, पण बलात्कार असतो, छळ असतो. 'यात प्रेमप्रकरण नाही' एवढ्या भरवशावर असं पुस्तक दहा वर्षांच्या मुलीच्या हाती गेलं, तर चूक तिच्या आईची नाही, आपली आहे.

कपाट का फसवतं, हे एकदा नीट पाहायला हवं. दशांश वर्गीकरणात इंग्लंडमधली कादंबरी 823 खाली जाते, अमेरिकेतली 813 खाली, मराठी साहित्य 891.46 खाली. आत काय आहे हे त्या आकड्यातून कळत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. मग आपण मुखपृष्ठ बघतो. मुखपृष्ठावर ड्रॅगन असला की पुस्तक मुलांचं, हा आडाखा वीस वर्षांपूर्वी बराचसा चालायचा. 2003 मध्ये सर्वत्र पोहोचलेल्या 'एरागॉन'मध्ये ड्रॅगन आहे, रक्तपात आहे, नायकाचं एका तरुणीकडे ओढ घेणारं मन आहे, पण त्यापुढे काही नाही. 2023 च्या 'फोर्थ विंग'मध्येही ड्रॅगन आहेत आणि त्यांच्यावर स्वार व्हायला शिकवणारं विद्यालय आहे. ते मात्र प्रौढांचं पुस्तक आहे आणि त्यात उघड शरीरसंबंधांची वर्णनं आहेत. 'विद्यालय' आणि 'ड्रॅगन' हे दोन शब्द वाचून ते बालविभागात लागणं अगदी सहज शक्य आहे. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' 2015 मध्ये किशोर-तरुण वाचकांचं म्हणून बाजारात आलं आणि 2020 मध्ये प्रौढांचं म्हणून नव्या मुखपृष्ठासह निघालं. जुनी प्रत देणगीत आली, तर तिच्या बाह्य रूपावरून काहीच उमगणार नाही. ही पुस्तकं वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. त्यांचा मोठा वाचकवर्ग आहे आणि तो आपलाही वर्गणीदार आहे. ती हटवू नका, योग्य कपाटात ठेवा.

दुसरी फसगत मालिकेची. तिचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे अर्सुला ल ग्विन यांची 'अर्थसी'ची पुस्तकं.

पहिलं पुस्तक 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', 1968 चं, अवघ्या दहा प्रकरणांचं. बेटांच्या दुनियेतला गेड नावाचा शेळ्या राखणारा पोरगा जादू शिकतो, गर्वापायी एक काळी सावली जगात सोडतो आणि मग तिच्यापासून पळत सुटतो. गेडचा वर्ण तांबूस-तपकिरी आहे. आपल्या मुलांना असा नायक इंग्रजी फँटसीत क्वचितच भेटतो. प्रेमकथा नाही. सेरेट नावाची एक स्त्री त्याला मोह घालू पाहते, पण तो मोह मुख्यतः सत्तेचा आहे. हळव्या वाचकासाठी सांगायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत: एका आजारी लहान मुलाला वाचवायला गेड जातो आणि त्याला यश येत नाही, पुढे त्याच्या खांद्यावर बसणारा छोटा पाळीव प्राणीही मरतो.

दुसरं, 1971 चं 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'. नायिका तेनार, लहानपणीच घरातून उचलून तिला अंधाऱ्या देवतांची पुजारीण केलेलं आहे. तिच्या आज्ञेने तीन कैदी तहानभुकेने मारले जातात आणि ते तिच्या स्वप्नांत येत राहतात. पुस्तकाचा मोठा भाग जमिनीखालच्या काळोख्या भुयारांत घडतो. गेड आणि तेनार भेटतात, एकमेकांना सोडवतात, पण हे नातं विश्वासाचं आहे, प्रणयाचं नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला याहून चांगलं पुस्तक देता येईल असं आम्हाला वाटत नाही. 1972 चं 'द फार्दस्ट शोर' मृत्यूबद्दल आहे. त्यातही प्रेमकथा नाही.

मग मध्ये अठरा वर्षं जातात आणि 1990 मध्ये 'तेहानू' येतं. लेखिका तीच, बेटं तीच, तेनारही तीच. पण आता ती मध्यमवयीन विधवा आहे, तिच्याकडे अत्याचार करून आगीत टाकलेलं एक लहान मूल आहे, आणि तेनार आणि गेड जोडपं म्हणून एकत्र येतात. फार मोलाचं पुस्तक आहे, पण प्रौढांसाठी. आणि इथेच खरेदीची चूक होते. पेंग्विनने 1993 मध्ये काढलेल्या 'द अर्थसी क्वार्टेट' या जोडखंडात ही चारही पुस्तकं एकाच बांधणीत आहेत. 2018 चा चित्रांकित मोठा ग्रंथ तर सगळंच एकत्र देतो. एका जाड खंडाच्या पैशात चार पुस्तकं मिळतात म्हणून समिती तोच घेते, आणि दहा-बारा वर्षांच्या वाचकाला 'यातलं चौथं पुस्तक वाचू नकोस' असं सांगायची वेळ येते. बालविभागासाठी पहिली तीन सुटी घ्या. जोडखंड घ्यायचाच असेल तर प्रौढ विभागात ठेवा.

आता चिठ्ठी. तालिकापत्राचाच (कॅटलॉग कार्डाचा) आकार घ्या, 7.5 × 12.5 सेंटिमीटर. मागच्या पुठ्ठ्याच्या आत, तारखेच्या चिठ्ठीच्या वर चिकटवा. पाच ओळी पुरतात: प्रेम, शरीर, हिंसा, जपून, पुढे. पहिल्या तीन ओळींत 0 ते 3 आकडा लिहायचा, शेवटच्या दोन ओळींत शब्द.

प्रेम 0 म्हणजे कुणीच कुणाच्या प्रेमात नाही. 1 म्हणजे उल्लेखापुरतं; शेवटी एका वाक्यात लग्न झालं, किंवा पूर्वीची हकिगत कुणी सांगितली. 2 म्हणजे उपकथानक, ज्यात रुसवेफुगवे, चुंबन, मत्सर येतात. 3 म्हणजे ते काढलं तर गोष्टच कोसळते. 'शरीर' ही ओळ मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण प्रेम 3 आणि शरीर 0 असलेली पुस्तकं असतात, आणि प्रेम 0, शरीर 3 असलेलीही असतात. ती दुसरी जास्त घातक. लैंगिक अत्याचाराचा नुसता उल्लेख असला तरी 'शरीर' 0 लिहू नका. 'जपून' या ओळीत आकडा नको. आकड्याने काही सांगता येत नाही, शब्दांनी येतं: 'आई घर सोडून जाते', 'कुत्रा मरतो', 'आठ पायांचा मोठा कोळी आहे', 'लहान मूल दगावतं'. नुकतंच कुणी गेलेल्या घरातल्या मुलाला पुस्तक देताना हीच ओळ लागते. 'पुढे' म्हणजे मालिकेच्या पुढच्या भागात काय बदलतं. सगळं पेन्सिलीने लिहा. दुसऱ्या वाचकाला वेगळं दिसलं तर खोडून दुरुस्त करता आलं पाहिजे.

तपासायचं कसं? एका पुस्तकाला अर्धा तास लागतो. मलपृष्ठावरचा मजकूर आधी वाचा. 'एनिमीज टू लव्हर्स' (शत्रूंचे प्रेमी होणं), 'स्लो बर्न' (हळूहळू फुलणारं प्रेम), 'स्पायसी' (शृंगारिक) असे शब्द दिसले तर पुढचा अर्धा तास वाचला. ते प्रेम 3 आहे. मग मुख्य मजकुराआधीची पानं बघा. अलीकडच्या अनेक पुस्तकांत लेखकाने कोणत्या गोष्टी येतात याची सूचना तिथेच छापलेली असते, आणि ती आपण कधी उलटून बघत नाही. अनुक्रमणिका पाहा. प्रकरणांना आलटून पालटून एका मुलीचं आणि एका मुलाचं नाव असेल तर ती दोघं पुढे एकत्र येण्याची शक्यता मोठी. त्यानंतर पुस्तक तीन ठिकाणी उघडा, मध्यावर, तीन पंचमांशावर आणि पाऊण भागावर, आणि प्रत्येक ठिकाणी आठ-दहा पानं वाचा. शेवटची दोन प्रकरणं मात्र पूर्ण वाचा. सुरुवातीची पन्नास पानं वाचून निर्णय घेऊ नका. प्रणयाचा भाग बहुधा मध्यानंतरच येतो, आणि ऑनलाइन दुकानांवर फुकट मिळणारा नमुना सुरुवातीचाच असतो, त्यामुळे तिथे सगळंच निष्पाप दिसतं.

ई-प्रत हाताशी असेल तर शब्दशोध करता येतो, पण नुसता आकडा मोजू नका. 'किस' शोधलं तर आईने कपाळाचा घेतलेला मुका सापडतो आणि राजाच्या अंगठीवर टेकवलेले ओठही सापडतात. 'ब्रेस्ट' शोधलं तर युद्धाच्या पुस्तकात पन्नास वेळा 'ब्रेस्टप्लेट' निघतं, म्हणजे छातीवरचं चिलखत. 'बेड' म्हणाल तर नदीचं पात्रही त्यात येतं. प्रत्येक ठिकाणची दोन-दोन वाक्यं वाचावीच लागतात. उलट, वर्णन सूचक असलं तर यातला एकही शब्द न येता सगळं घडून जातं. म्हणून शब्दशोध हा पूरक समजा. पानं उघडून वाचणं टाळता येत नाही.

आता पुस्तकं.

'द हॉबिट' (1937) सर्वांत आधी. टॉल्किन यांच्या या कादंबरीत प्रेम 0, शरीर 0, हिंसा 1. तेरा बुटके, बिल्बो नावाचा एक हॉबिट (टॉल्किन यांनी कल्पिलेल्या ठेंगण्या जमातीतला), एक जादूगार, एक ड्रॅगन. बोलणारं स्त्रीपात्र एकही नाही. काही पालक आणि मुलं 'यात बुटका आणि एल्फ मुलगी यांचं प्रेम आहे ना?' असं विचारतील. ती मुलगी 2013 च्या चित्रपटात नव्याने घातलेली आहे, पुस्तकात ती नाहीच. 'जपून'मध्ये लिहा: जंगलातले मोठे कोळी, आणि शेवटच्या लढाईत बुटक्यांपैकी तिघे मरतात. एकोणीस प्रकरणं आहेत, पण लांबी सारखी नाही. मोठ्याने वाचणाऱ्यांनी रोज एक असं ठरवलं तर काही रात्री तास उलटेल. पाचव्या प्रकरणात अंधारात बिल्बो आणि भुयारात राहणारा गोलम एकमेकांना कोडी घालतात. त्यांची उत्तरं वारा, अंडं, मासा, काळ अशी साधी आहेत, पण कोडी इंग्रजी पद्यात आहेत. वाचून दाखवणाऱ्याने ती आदल्या दिवशी सोडवून, मराठीत जुळवून ठेवली तर मुलं ते प्रकरण पुन्हा मागतात.

त्याच लेखकाचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (1954-55) मराठीतही आहे. मुग्धा कर्णिक यांचा अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाचा. प्रेम 1. आरागॉर्न आणि आर्वेन यांची हकिगत मुख्यतः परिशिष्टात आहे, आणि तिसऱ्या खंडात एका प्रकरणात आणखी एक जोडी जमते. हिंसा 2, 'जपून'मध्ये शेलॉब ही राक्षसी आकाराची मादी कोळी. वाचक अडकतात ते यामुळे नव्हे. सुरुवातीला हॉबिटांच्या चालीरीतींवर लांबलचक प्रस्तावना आहे आणि तिथेच अनेकांचा धीर सुटतो. ती सोडून थेट पहिल्या प्रकरणापासून सुरू करा, असं देतानाच सांगावं.

सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या सात पुस्तकांत (1950-56) घोटाळा क्रमाचा आहे. हल्लीच्या आवृत्त्यांच्या कण्यावर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला 1 आणि 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'ला 2 आकडा असतो. तो कथेतल्या काळाचा क्रम आहे. लिहिलं गेलं आधी सिंहाचं पुस्तक आणि वाचायलाही तेच आधी द्यावं. कपाटातून पलीकडे बर्फात पाऊल पडतं तो क्षण आधीची गोष्ट कळलेली असली की निम्मा होतो. प्रेम 0. सिंहाला दगडी चौथऱ्यावर बांधून मारतात तो प्रसंग सहा-सात वर्षांच्या मुलाला जड जातो. 'द हॉर्स अँड हिज बॉय' बळजबरीच्या लग्नातून पळालेल्या मुलीचं आहे आणि शेवटी एका वाक्यात तिचं लग्न होतं, प्रेम 1. त्यात दक्षिणेकडच्या सावळ्या लोकांचं चित्रण एकांगी आहे, तेही मोठ्यांनी लक्षात ठेवावं. शेवटच्या पुस्तकात बहुतेक प्रमुख पात्रं रेल्वे अपघातात गेलेली असतात, हे न सांगता ते देऊ नका.

टेरी प्रॅचेट यांचं 'द वी फ्री मेन' (2003) फार आवडीने सुचवतो. नऊ वर्षांची टिफनी तळण्याचा तवा घेऊन धाकट्या भावाला सोडवायला परीराज्यात जाते. प्रेम 0, पण एक प्रसंग पालकांना आधी सांगितलेला बरा. सहा इंच उंचीच्या निळ्या चोरट्या माणसांच्या टोळीची ती काही काळापुरती राणी होते, आणि रीतीप्रमाणे तिने त्यांच्या नायकाशी लग्न करायला हवं. नायकही घाबरलेला, टिफनीही. तारीख तिने ठरवायची असते. ती सांगते की एक ग्रॅनाइटचा डोंगर आहे, तिथे एक छोटा पक्षी दरवर्षी येऊन चोच घासतो, आणि तो डोंगर झिजून वाळूच्या कणाएवढा होईल त्या दिवशी लग्न. त्याचाही मान राहतो आणि तिचीही सुटका होते. हे पुस्तक इंग्रजी दुसरी भाषा असणाऱ्यांना अवघड जातं ते त्या टोळीच्या स्कॉटिश बोलीमुळे. मोठ्याने उच्चारून वाचलं की निम्मं कळतं. टिफनी पुढच्या पुस्तकांत मोठी होते. 2006 च्या 'विंटरस्मिथ'मध्ये हिवाळा स्वतःच तिच्या प्रेमात पडतो, आणि 2010 च्या 'आय शॅल वेअर मिडनाइट'च्या सुरुवातीलाच बापाच्या मारहाणीत एका गरोदर मुलीचा गर्भ जातो. पहिल्या पुस्तकाच्या चिठ्ठीवरची 'पुढे' ही ओळ यासाठी.

मिखाएल एन्डे यांचं मूळ जर्मन 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' (1979). सव्वीस प्रकरणं, प्रत्येकाची सुरुवात इंग्रजी वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने, आणि चांगल्या आवृत्तीत खरं जग एका रंगाच्या शाईत, काल्पनिक जग दुसऱ्या. खरेदीआधी विक्रेत्याला दोनरंगी छपाई आहे का ते विचारा. नसेल तर लहान वाचक कुठलं जग कुठलं यात हरवतो. प्रेम 0. 'जपून': मुलाची आई वारलेली आहे, आणि एक घोडा दलदलीत बुडतो.

आपल्याकडची इंग्रजी पुस्तकं विसरू नका. सलमान रश्दी यांचं 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' (1990) बारा प्रकरणांचं आहे. त्यात 'गप' आणि 'चुप' ही दोन राज्यं, 'खत्तम-शुद' हा खलनायक, 'बातचीत' नावाची राजकन्या. हे शब्द लंडनच्या वाचकाला परिशिष्टात बघावे लागतात, आपल्या मुलांना जागच्या जागी हसू येतं. राजपुत्राचं प्रेम आहे ते निव्वळ गमतीचं, म्हणून प्रेम 1. 'जपून'मध्ये मात्र ठळक लिहा: आई शेजाऱ्याबरोबर घर सोडून जाते. चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांचं 'द काँच बेअरर' (2003) कोलकात्याच्या चहाच्या टपरीवर राबणाऱ्या बारा वर्षांच्या आनंदला हिमालयात घेऊन जातं. प्रेम 0, भाषा सोपी, मराठी माध्यमाच्या वाचकाला इंग्रजीतलं पहिलं जाड पुस्तक म्हणून उत्तम. नीलांजना रॉय यांचं 'द वाइल्डिंग्ज' (2012) दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या मांजरांचं आहे. प्रेम 0, पण हिंसा 3. मुखपृष्ठावर मांजर बघून पहिलीतल्या मुलाला देऊ नका.

मोठ्यांपैकी ज्यांना प्रेमकथा नकोच आहे, त्यांना सुझॅना क्लार्क यांचं 'पिरानेसी' (2020) द्या. पुतळ्यांनी भरलेल्या, समुद्राच्या भरतीत बुडणाऱ्या अंतहीन वाड्यात एक माणूस राहतो. पहिली पन्नास पानं काहीच कळत नाही आणि तसंच अपेक्षित आहे, एवढं सांगा. मलपृष्ठावरचंसुद्धा वाचू नका म्हणा. प्रॅचेट यांचं 'स्मॉल गॉड्स' (1992) डिस्कवर्ल्ड मालिकेतलं तेरावं असलं तरी आधीची बारा वाचायची गरज नाही. कासव होऊन बसलेला देव आणि त्याचा एकुलता एक खरा भक्त. प्रेम 0, धर्मपीठाच्या छळामुळे हिंसा 2. ब्रँडन सँडरसन यांचं 'द एम्परर्स सोल' (2012) छोटेखानी आहे. हुबेहूब बनावट वस्तू घडवणारी एक कैदी बाई ठरलेल्या मुदतीत सम्राटाचा आत्मा नव्याने घडवते. दोन बैठकींत संपतं आणि अर्ध्यात सोडून परत केलं जात नाही.

लोकप्रिय मालिकांबद्दल थोडक्यात. हॅरी पॉटरचे पहिले तीन भाग प्रेम 0 च्या जवळ आहेत. चौथ्यात नृत्याचा सोहळा येतो आणि एका विद्यार्थ्याचा मृत्यूही. सहाव्यात जोड्या जुळण्या-तुटण्याला बरीच पानं जातात. पर्सी जॅक्सन पहिल्या पुस्तकात बारा वर्षांचा आहे, पाचव्याच्या शेवटी सोळाचा, आणि तिथे पाण्याखाली चुंबन आहे. त्यापुढच्या मालिकेत तर जोड्याच जोड्या. लॉइड अलेक्झांडर यांच्या प्रिडेनच्या पाच पुस्तकांत (1964-68) ओढ हळूहळू वाढते आणि शेवट लग्नात होतो, पण सगळं इतकं मर्यादेत की बहुतेक पालकांची हरकत नसते. त्यांना विचारून द्या.

मराठी कपाटाबद्दल बोलताना वाईट वाटतं. आपली सुरुवातीची कादंबरी बरीचशी अद्भुतरम्य होती. 1861 ची 'मुक्तामाला' घ्या, नायक-नायिकेची ताटातूट आणि पुनर्भेट हाच तिचा कणा आहे. 'अद्भुतरम्य' म्हटलं की नायिका आलीच, ही अपेक्षा तिथून चालत आली. आज दहा ते पंधरा वयाच्या मराठी वाचकाला प्रेमकथेशिवायची लांब पल्ल्याची फँटसी बहुतांशी अनुवादातच मिळते. 'हॅरी पॉटर आणि परीस' निदान हाताशी आहे. अनुवाद घेताना 'संक्षिप्त' हा शब्द मुखपृष्ठावर किंवा श्रेयनामाच्या पानावर शोधा. संक्षिप्त आवृत्तीत काय गाळलं ते सांगितलेलं नसतं, त्यामुळे मूळ इंग्रजीच्या चिठ्ठीवरचे आकडे तिला जसेच्या तसे लावू नका. ती वेगळी वाचून वेगळी चिठ्ठी करा. आणि खरेदीच्या यादीवर प्रकाशकांना लिहाच, की आमच्याकडे हे मागणारे वाचक आहेत.

टेबलापाशी तीन प्रश्न पुरतात. शेवटचं आवडलेलं पुस्तक कोणतं? नको ते नेमकं काय: प्रेमप्रकरण, शारीरिक वर्णन, की रक्तपात? आणि एकट्याने वाचणार की कुणी वाचून दाखवणार? का नको, हे मात्र विचारू नका. पंचविशीतल्या त्या वाचकाला आपली आवड टेबलापाशी समजावून सांगावी लागू नये, आणि तिला 'अहो, मग हे लहान मुलांचं घ्या' असंही म्हणू नये. 'पिरानेसी' तिच्यासाठीच आहे. मूल समोर उभं असताना पालकांशी त्याच्या डोक्यावरून बोलण्यापेक्षा चिठ्ठी उघडून दोघांपुढे ठेवा. बरीच मुलं 'जपून'ची ओळ वाचून स्वतःच सांगतात, हे आत्ता नको.

पहिल्या खेपेला बारा पुस्तकं घ्या, वर दिलेल्यांतलीच. महिन्याला चार चिठ्ठ्या झाल्या तरी वर्षाअखेर जवळजवळ पन्नास पुस्तकांचं उत्तर तयार असेल. चिठ्ठी लिहिण्याचं काम वर्गणीदारांतल्या वाचत्या मुलामुलींकडे सोपवता येतं, मात्र प्रत्येक पुस्तक दोघांनी वाचलेलं असावं, त्यातलं एक मोठं माणूस. दोघांच्या आकड्यांत फरक पडला तर जास्त आकडा लिहा. पुस्तक परत येताना वाचकाला एवढंच विचारा, "चिठ्ठी बरोबर होती का?" पेन्सिल टेबलावर असू द्या.

कळावे,
आपले,
फँटसी वाचणारे काही वर्गणीदार